पडदाभर लग्न

"बंद कर ते. आधी बंद कर म्हंतो ना मी. लग्न हाय का दहावा हाय?"

थोरले काका ओरडत होते. ते ओरडले की कुंभार पिंपळगावात भिंती कमी पडत. आवाज बाजारातून निघायचा, मोसंबीच्या बागांतली पाखरं उठवायचा आणि थेट जांब समर्थला जाऊन पोचायचा. तिथे दर्शनाच्या रांगेतली माणसं आपसूक हात जोडायची. हे मी आजवर गाड्या भरभरून माणसांना सांगितलं आहे. मी एसटीत कंडक्टर, निम्मी नोकरी अंबडच्या रस्त्यावर गेली. त्या रस्त्याचे खड्डे माणसाला विसरायला लावायचे तर गोष्ट थोडी फुगवावीच लागते. इथेही फुगवीन, सवय जात नाही. पण जिथे फुगवायची हिंमत होत नाही ती जागा तुम्हाला आपोआप कळेल.

त्या दिवशी माझ्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, लग्नाची सीडी पहिल्यांदा लावली होती. आमच्याकडे लग्नाची सीडी घरच्यांनी एकटं बसून बघायची नसते. बैठकीत सतरंजी पडते, चहाचं पातेलं चढतं, आणि लग्नात जेवून गेलेला प्रत्येक माणूस स्वतःला शोधायला येतो. आपला फेटा दिसला, आहेर देताना हात दिसला, की तो समाधानाने घरी जातो. नाही दिसला तर पुढच्या लग्नाला पोराला पाठवतो, स्वतः येत नाही. त्या दिवशी खिडकीत, ओट्यावर, उंबऱ्यावर माणसं होती. मी म्हणेन अर्धा तालुका होता, तुम्ही एक गल्ली धरा.

आणि टीव्हीवर वरती एक काळी पट्टी, खालती एक काळी पट्टी, आणि मधल्या फटीत लग्न. दाराच्या फटीतून शेजारचं लग्न चोरून बघावं तसं आम्ही आमचंच लग्न बघत होतो. तेव्हाचे टीव्ही चौकोनी, मागे पोट सुटलेले. काकांचा टीव्ही त्यातल्या त्यात सगळ्यात मोठा. तो आला तेव्हा बैलगाडीतून उतरवायला माणसं कमी पडली होती आणि दार थोडं फोडावं लागलं होतं. दार फोडलं नव्हतं, पण फोडावं लागेल अशी चर्चा झाली होती. एवढ्या मोठ्या टीव्हीचा मधला पट्टाच काय तो वापरात, आणि वरखाली नुसता अंधार.

काकांची तक्रार दोन तोंडांची होती. एक, अख्खा टीव्ही विकत घेतला असताना त्यांना त्याचा मधला तुकडा दाखवला जात होता. दुसरी जास्त खोल होती. मंगलकार्यात काळं. आमच्याकडे लग्नात काळ्या काठाची साडीसुद्धा कोणी नेसत नाही, आहेरात काळं कापड येत नाही, आणि इथे नवरीच्या डोक्यावर आणि पायाखाली, पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत, काळं. शेजारच्या एका आजीने ते पाहून पदर तोंडाला लावला आणि विचारलं की पोरीच्या सासरी सगळं बरं आहे ना. तिथेच काकांचा आवाज सुटला.

माझी माय तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात, पडद्याआड उभी होती. ती नेहमी तिथेच असायची. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून आम्हा तिघांना काकांनी सांभाळलं, अक्काचं शिक्षण केलं, मला नोकरीला लावलं, आणि कन्यादानही काका-काकूंनीच केलं. काका मायचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे भासऱ्यासमोर बाई उभी राहत नाही, डोक्यावरचा पदर खाली येत नाही, आणि सरळ बोलणं तर नाहीच. एवढी वर्षं एका घरात राहून त्या दोघांमध्ये एक वाक्य थेट गेलं नाही. काका बैठकीतून म्हणायचे, "सांग तुझ्या मायला, दूध लवकर काढायला पाहिजे." माय पडद्याआडून म्हणायची, "सांग, काढलंय." दोघांना दोघांचं ऐकू यायचं, तरी मी मध्ये उभा राहून दोन्ही वाक्यं पुन्हा म्हणायचो. न म्हटलं तर दोघंही थांबून राहायचे.

त्यात ती विधवा. विधवेने मांडवात कुठे थांबायचं हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं. हळदीला ती पुढे होत नाही, ओटी भरत नाही, पण ताटं तीच लावते, अक्षता तीच पोचवते, आणि विधी सुरू झाला की खांबापाशी जाऊन थांबते. काका मध्ये, म्हणून ती काठाला. हे सगळं इतकं सरळ होतं की लग्नात कोणाच्या लक्षात यावं असं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शूटिंगवाल्याला अंबडहून बोलावलं. तो माझ्याच गाडीने आला आणि रस्ताभर आपल्या कॅमेऱ्याचं वर्णन करत आला. असा आडव्या चित्राचा कॅमेरा मराठवाड्यात दुसरा नाही, औरंगाबादचे लोक तो नुसता बघायला येतात, आणि एकदा त्यात एका बाजूला उभी असलेली अख्खी वरात मावली होती, घोड्यासकट. फुगवण्याच्या बाबतीत मी त्याला गुरू मानतो.

घरी आल्यावर त्याने काकांना समजावण्यासाठी ओट्यावरची बाज ओढली आणि तिच्यावर बैठकीतली लांब सतरंजी टाकली. सतरंजी दोन्ही बाजूंनी खाली लोंबायला लागली.

"हे बघा काका," तो म्हणाला. "बाज म्हंजे तुमचा टीव्ही. सतरंजी म्हंजे माझं चित्र. आता सतरंजी बराबर बाजेवर बसवायची तर एक तर तिला बारीक करायची. मंग वरखाली बाज उघडी दिसती. ती तुमची काळी पट्टी. ते काळं मी टाकलेलं न्हाई, तो रिकामा टीव्ही हाय."

"आन् बारीक न्हाई केली तर?"

"मंग दोन्हीकडचे काठ कापायचे. बाज पूर्ण भरल. पण काठ जातील."

"काप."

"काका, काठाला माणसं हायत."

"कोण माणसं?"

"ते एकदा तुम्हीच बघून घ्या ना. मंग सांगा."

काका म्हणाले की मानाची माणसं मध्येच असतात, काठाला उभे राहतात ते जेवणाची वाट बघणारे. बैठकीत हसू पसरलं, कारण जमलेले बरेच जण लग्नात काठाला उभे राहून जेवणाची वाट बघत होते. सीडी पुन्हा लावून काठ बघावेत असं कोणालाच वाटलं नाही.

पण काका घरातला रिवाज चुकवायचे नाहीत. पोरगी मायची, तेव्हा तिला विचारल्याशिवाय ते काही ठरवत नसत. मला म्हणाले, "विचार तुझ्या मायला, तिचं काय म्हणणं हाय."

मी वळायच्या आत पडद्याआडून आवाज आला. "म्हणावं, भरून घ्या. घर भरल्यावाणी दिसतं."

मी ते वाक्य काकांना पुन्हा सांगितलं. काकांनी ते आत्ताच ऐकल्यासारखी मान हलवली. शूटिंगवाला मात्र पडद्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला; आत कोण बोलतंय ते त्याला दिसत नव्हतं. तेव्हा मला वाटलं, चहाची वाट बघतोय.

जुनी सीडी तो घेऊन गेला. काळ्या पट्ट्यांची वस्तू काकांना घरात ठेवायची नव्हती. नवी आली आणि पुन्हा बैठक भरली. ही मात्र काय सांगू. पडदा असा काठोकाठ भरला होता की मला वाटलं, अक्षता आता टीव्हीतून बाहेर सांडतील. काका मोठे, काकू मोठ्या, काकांच्या फेट्याचा तुरा तर टीव्हीच्या लाकडाला टेकलेला. नवरा-नवरी मोठे. जेवणाची वाट बघणारे पार गायब. दोघं-तिघं रुसून गेले, पण बाकीच्यांनी मोकळ्या मनाने सांगितलं की शूटिंग असावं तर असं. काकांनी त्या दिवशी स्वतःच्या हाताने सगळ्यांना सुपारी दिली.

पुढची कित्येक वर्षं ती सीडी आमच्या घरचं दैवत होऊन बसली. पाहुणा आला, पाणी दिलं, की सीडी. सोयरिकीची माणसं आली, की सीडी. काकांच्या बियाण्यांच्या दुकानात येणारे कंपनीचे लोक बियाणं विसरून आमचं कन्यादान बघून गेले. ती इतक्यांदा फिरली की झिजून पापडासारखी झाली, तिच्यातून पलीकडचा माणूस दिसायचा. माय प्रत्येक वेळी पडद्याआडून चहा द्यायची. तिने ती सीडी बसून कधी पाहिली का, मला सांगता येत नाही. एकदा अक्का माहेरपणाला आली असताना मी मायला विचारलं होतं, तू कुठं दिसतेस त्यात. ती म्हणाली, माझं काय बघायचंय, पोरीचं बघ.

मग भिंतीवर लावायचे सपाट टीव्ही आले. काकांनी घेतला तो असा आडवा होता की त्याच्यावर दोन माणसं निजली असती. त्यावर सीडी लावली, तर आता काळ्या पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला आल्या. चौकोनी चित्र, आडवा टीव्ही. काकांनी रिमोट हातात घेतला आणि काळं जाईपर्यंत बटणं दाबत राहिले. काळं गेलं. चित्र दोन्हीकडून ओढलं गेलं आणि पडदा भरला. माणसं मात्र भोपळ्यासारखी झाली. नवरदेव ट्रॅक्टरएवढा रुंद, भटजी त्याहून रुंद, आणि अंतरपाट म्हणजे तंबूचं कापड. नवरदेव आता खरोखरच तेवढा झाला आहे, हा भाग वेगळा. काकांना त्यात काही वावगं दिसलं नाही. पडदा भरला होता.

माय मागच्या वर्षी गेली. साध्या तापाने गेली. दवाखान्यात नेलं, बरी वाटायला लागली, मला म्हणाली ड्यूटीवर जा, आणि गेली. यात मला काही फुगवता येत नाही.

भिंतीवर लावायला फोटो शोधला तेव्हा कळलं की फोटोच नाही. फोटो काढणारा समोर आला की ती काही ना काही आणायला आत जायची. शेवटी ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला. त्यात ती अशी बघते की कोणत्या गुन्ह्यात पकडली, असं अनोळखी माणसाने विचारावं.

अक्का परतूरकडे दिलेली. दिवस-कार्य झाल्यावरही ती काही दिवस राहिली. एका दुपारी ती बैठकीत आली, फोटोकडे बघत बसली आणि म्हणाली, "मला ती चालताना कशी दिसायची तेच आठवून न्हाई राह्यलं. तोंड आठवतं. आवाज आठवतो. चाल आठवत न्हाई." नंतर म्हणाली, "लग्नाची सीडी लाव. तिच्यात आसल."

काका तिथेच आरामखुर्चीत होते. त्यांचं वय झालं आहे. तो आवाज आता ओट्यापर्यंतही जात नाही. त्यांनी रिमोट माझ्याकडे दिला.

सीडी लागली. मांडव आला, वाजंत्री आली, भोपळ्यासारखी माणसं आली. अक्का पुढे सरकून जमिनीवर बसली. हळद गेली. माय नव्हती. सीमंतपूजन गेलं, माय नव्हती. मंगलाष्टका गेल्या. अक्षता उडताना दिसत होत्या, पण त्या वाटणारी बाई कुठे नव्हती.  अक्काचा हात पुन्हा पुन्हा कपाळाकडे जायला लागला.

कन्यादानाच्या वेळी डावीकडच्या काठातून एक हात आत आला. हातात ताट होतं. काकूंनी ताट घेतलं आणि हात परत गेला. एवढंच.

"मागं घे," अक्का म्हणाली.

मी मागे घेतलं. हात आला, ताट दिलं, गेला. मनगटात काही नव्हतं. अंगठ्याच्या खाली विळ्याचा जुना व्रण होता, तो ओढल्या गेलेल्या चित्रात बोटभर रुंद दिसत होता.

"मागं घे."

किती वेळा घेतलं मला माहीत नाही. हाताला दंडाच्या पुढे काही नव्हतं. दंड संपत होता तिथे टीव्ही संपत होता. शेवटी अक्का म्हणाली, "सगळ्या गावाचं शूटिंग केलं. माझ्या मायचंच न्हाई केलं."

"होती की ती," काका म्हणाले. आम्ही दोघांनीही वळून पाहिलं. "तिथंच होती. खांबापाशी. तांब्या घेऊन उभी होती." मग म्हणाले, "नंतर पलीकडं गेली. मंडपाच्या कडेनं."

काकांनी तिच्याकडे सरळ कधी पाहिलं नव्हतं. तसं पाहायचंच नसतं. तरी ती कुठे उभी होती आणि तिथून कुठे गेली, हे त्या घरात एकट्या त्यांना ठाऊक होतं. 

काकांनी मला अंबडला शूटिंगवाल्याकडे जायला सांगितलं, काठ न कापलेलं काही उरलंय का बघायला. ओरडले नाहीत. मी दुसऱ्याच दिवशी गेलो.

शूटिंगवाल्याने आता लग्नं सोडली आहेत. कोर्टाच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि मोबाइलचे कव्हर. मी मनात धरून चाललो होतो की त्या पहिल्या सीडीचं याने काही ठेवलं नसणार. आमच्या भागात जुन्या सीड्या दोऱ्याला बांधून बागेत टांगतात, उन्हात चमकल्या की पाखरं येत नाहीत. किती जणांची लग्नं मोसंबीच्या झाडांवर फिरताना मी गाडीतून पाहिली आहेत.

मी आमच्या लग्नाचं नाव काढलं तसा तो उठून उभा राहिला. म्हणाला, ते काळ्या पट्ट्यांचं लग्न? ते तर माझं सॅम्पल होतं.

त्याने सांगितलं ते असं. ते त्याचं पहिलं आडवं शूटिंग, आणि त्याच्या मते भारतातलंही पहिलं असावं. काकांनी काठ कापायला लावले, पण मूळ चित्र फेकायला त्याचा जीव झाला नाही. दुकानात त्याने आडवा टीव्ही आणून ठेवला होता, आणि आडवं ते वाइड आणि काठ कापून पडदा भरलेलं ते फुल, यांतला फरक गिऱ्हाइकाला दाखवायला तो वर्षानुवर्षं आमच्या अक्काचं लग्न लावायचा. आधी फुल दाखवायचा, मग वाइड. मग विचारायचा, आता सांगा, या दुसऱ्यात जास्तीचं कोण दिसलं? आणि लोक दरवेळी एकच सांगायचे: डावीकडची बाई.

"बिलकुल तेच," तो म्हणाला. "वडीगोद्रीचे येऊ द्या, बदनापूरचे येऊ द्या. डावीकडची बाई. मी तर म्हणायचो, या बाईंनी मला जेवढी वाइडची गिऱ्हाइकं आणून दिली तेवढी कोणत्या बोर्डानं न्हाई दिली. कोण होत्या त्या?"

मी सांगितलं, माझी माय.

तो खाली बसला. त्या दिवशी पडद्याआडून ऐकलेला आवाज आणि एवढी वर्षं दाखवलेली ही बाई एकच, हे त्याला तेव्हा कळलं. बराच वेळ तो कव्हरच्या पाकिटांशी चाळा करत राहिला. मी दुकानाबाहेर कोर्टाच्या तारखेला आलेल्या माणसांकडे बघत राहिलो. अंबडला तारखेला आलेल्या, पोरीचं लग्न ठरवायला आलेल्या, मोसंबी विकायला आलेल्या किती माणसांनी माझ्या मायला पाहिलं होतं. तालुक्याने पाहिलं, शेजारच्या तालुक्यांनी पाहिलं. यातलं एक अक्षर मी वाढवलेलं नाही. फक्त आमच्या घरात तिला कोणी पाहिलं नव्हतं.

त्याने ते पेन ड्राइव्हवर घेतलं आणि दुकानाला कुलूप लावून माझ्याबरोबर निघाला. म्हणाला, तुमच्या टीव्हीवर आधी बटणं नीट करावी लागतील, ते काम मी कोणावर सोडणार नाही.

घरी अक्का आणि काका दोघंच होते. काकू लेकीकडे गेल्या होत्या. शूटिंगवाल्याने टीव्हीचं ओढणं बंद केलं, पेन ड्राइव्ह लावला, आणि आमचं लग्न पहिल्यांदा आपल्या मापात दिसलं. पडदा काठोकाठ भरला होता आणि काळं कुठेच नव्हतं. माणसं माणसांएवढी झाली. काका एकदम बारीक आणि तरुण झाले. सगळं थोडं लहान झालं आणि मांडव मोठा झाला; मांडवाच्या पलीकडचा कडुनिंब दिसला, जेवणाची वाट बघणारे दिसले.

मंगलाष्टकांच्या आधी ती आली. मांडवाच्या कडेकडेने, अक्षतांचं ताट घेऊन, लगालगा. डावा पाय जरा ओढत, खांदे पुढे करून, जणू भिंतीलगत चालतेय. तिथे भिंत नव्हती. चार माणसांना अक्षता दिल्या आणि ती गेली.

"हां," अक्का म्हणाली. "आशीच."

तिने मागे घ्यायला सांगितलं नाही. आम्ही पुढे बघत राहिलो. हळूहळू लक्षात यायला लागलं की ती जवळजवळ सगळीकडे आहे. हळदीला आहे, पण मागे, पातेल्याशी. पूजेला आहे, खांबाच्या अर्धी आड. कॅमेऱ्याचा दिवा तिच्याकडे वळला की ती एक पाऊल मागे घेते. कुठे अर्धी, कुठे नुसता पदर. शूटिंगवाला मध्येच पुटपुटला की कोण ते ठाऊक नसतानाही तिला कॅमेऱ्यात धरायला तो किती धडपडला होता. यावेळी तो फुगवत नव्हता.

मग कन्यादान आलं. उजवीकडे अक्का आणि नवरदेव पाटावर, मध्ये काका-काकू, काकांच्या हातावरून पाणी पडत होतं. आणि पार डावीकडे, खांबापाशी, हातात तांब्या धरून माय. इथे ती सरकली नाही. काकूंच्या हातात ताट दिलं, हात मागे घेतला, आणि उभी राहिली. पदर कपाळापर्यंत, मान उजवीकडे, पाटाकडे. भटजींचं सगळं होईपर्यंत ती तशीच उभी होती. दिवा तिच्यावर आला तरी तिला कळलं नाही.

शूटिंगवाल्याने तिथे थांबवलं.

काका खुर्चीत पुढे सरकले होते. ते टीव्हीकडे बघत होते, सरळ, मायच्या तोंडाकडे. डोळे पुसायला हात वर गेला नाही, त्या हाताने त्यांनी खुर्ची घट्ट धरली होती. मग ते शूटिंगवाल्याला म्हणाले, "हिला मधी घे."

त्याने विचारलं, कशी.

"तुला येतंय ना कापायला. तेव्हा केलं तसं. आता हा काठ ठेव. हिला मोठी कर."

शूटिंगवाल्याने टीव्हीजवळ जाऊन हाताने मोजलं. म्हणाला की करता येईल, हल्ली तर दुकानात बसल्या बसल्या होतं, भिंतीवर लावायला मोठा फोटोही निघेल. मग त्याने हात मध्यावर उभा धरला. "पण इथून पलीकडं सगळं जाईल, काका. तुम्ही जाल."

"जाऊ दे मला," काका म्हणाले. "काप."

शूटिंगवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी अक्काकडे. ती जमिनीवर तशीच बसून होती, हनुवटी गुडघ्यावर ठेवून.

"नको," ती म्हणाली. "मंग ती कोणाकडं बघून राह्यली ते दिसणार न्हाई."